गुळाला न भुलणारी माशी

कोडोलीच्या पलीकडच्या वस्तीवर शांतव्वा मधमाश्या पाळायची. ब्याण्णवला अळ्या सडायचा रोग आला आणि तिच्या चौदा पेट्यांतल्या दोनच वाचल्या. त्या का वाचल्या, याचाच तिनं ध्यास घेतला. पुढची सात वर्षं त्या दोन घराण्यांतूनच ती नव्या राण्या वाढवत गेली. आषाढात रानात फूल नसतं. तेव्हा उपाशी राहूनही ज्या पेटीतल्या माश्या पळून जात नाहीत, ती ठेवायची. ही पहिली परीक्षा. दुसरी गुऱ्हाळाची.

थंडीत गुऱ्हाळं पेटली, की माश्या गोड वासानं धावतात आणि रसाच्या उकळत्या काहिलीत पडून मरतात. शांतव्वा सकाळी एका पेटीच्या दारात हळद भुरभुरायची, दुसरीच्या गुलाल, तिसरीच्या पीठ. मग पिराजीच्या गुऱ्हाळावर दिवसभर उभं राहून कुठल्या रंगाच्या माश्या जास्त येतात ते बघायची. ज्या पेटीच्या माश्या गुळाला भुलत नाहीत, तिच्याच लेकी पुढं राण्या.

"अक्का, गूळ न्यायला आलीस का रंगपंचमी खेळायला?" पिराजी चिडवायचा.

नव्व्याण्णव साली सरकारच्या मधमाशी योजनेचे साहेब आले. उत्तरेकडची माशी, थंडी सोसणारी, निवडून निवडून सुधारलेली, मध तिप्पट! चाळीस पेट्या त्यांनी पिराजीच्या बांधावर मांडल्या आणि शांतव्वाच्या नऊ पेट्यांकडे बघून म्हणाले, "ही गावठी माशी सोडा आता, बाई."

"साहेब, तुमच्या माशीनं बर्फ बघितला आसंल. गुऱ्हाळ बघितलंय का?"

साहेब नुसते हसले. पंधरा दिवसांत त्या माश्यांचा ढग गुऱ्हाळावर उतरला. गड्यांची तोंडं सुजली, ढेपेत माश्या निघाल्या. वैतागून पिराजीनं परातीत काकवी ओतून तीत विष कालवलं. माश्यांचा खच पडला. तरी ओरड थांबेना, तेव्हा ग्रामपंचायतीनं ठराव लिहायला घेतला: वस्तीवरच्या सगळ्या पेट्या दोन दिवसांत हलवाव्यात. सगळ्या, म्हणजे शांतव्वाच्याही. सात वर्षांची निवड एका ओळीत उठवायची!

तिनं तो खच सुपात भरला आणि भर सभेत सरपंच जोतीरामांच्या टेबलावर ओतला.

"अगं, हे काय?" सरपंच मागं सरकले.

"निवडा. मोठी पिवळी ती साहेबांची, बारकी काळी ती माझी. करा की ढीग!"

"माशी ती माशी, बाई," सरपंचांशेजारी बसलेले साहेब म्हणाले.

"व्हय? मग म्हस आन् जर्सी गाय बी एकच म्हना की. दोघींला शिंगं हायत!"

लोक हसले. पिराजी मात्र खाली मान घालून निवडायला बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "बारक्या चारच हायत. चारींवर गुलाल हाय."

शांतव्वाचा चेहरा क्षणभर उतरला. "चार माझ्या. कबूल. आता तुमच्या किती, ते बी कबूल करा, साहेब."

साहेब फाईल चाळत राहिले.

"ह्या बिचाऱ्यांचा काय गुन्हा वो? तिकडच्या थंडीत त्या शहान्याच आसतील. गुळाच्या गावात आनताना तुमी कुनाला इचारलं? मला इचारलं आसतं तर मी सांगितलं न्हाय आसतं?"

सरपंचांनी ठरावातलं 'सगळ्या' खोडून 'योजनेच्या' लिहिलं.

निघताना साहेब म्हणाले, "बाई, दोन पेट्या कार्यालयाला द्या. आम्ही तुमची जात सुधारून बघतो."

"सुधारून?" शांतव्वानं सूप काखेत मारलं. "सात वर्सं गुऱ्हाळावर हुबं ऱ्हावा. मग या मागायला."

घरी आल्या आल्या तिनं गुलालाची पेटी उघडली. राणी शोधून चिमटीत धरली, बाहेर काढली आणि तिच्या जागी हळदीच्या पेटीतलं, नवी राणी वाढत असलेलं राणीघर लावलं. राग अजून उतरला नव्हता, पण पेटीचं झाकण तिनं अलगद बसवलं.