कोपनहेगन म्हणजे गळ्याची नक्षी

रेक्याविकच्या पोस्टातून निवृत्त झालेल्या स्टेनुनला किलोमीटरचं कौतुक नव्हतं. तिचं जग विणकामावर मोजलेलं. ग्लासगो म्हणजे एक हातमोजा, ऑस्लो म्हणजे टाचेसकट एक पायमोजा, आणि कोपनहेगन, जिथे लेक दिली होती, ते म्हणजे स्वेटरची छातीपासून गळ्यापर्यंतची गोल नक्षी. एकवीसशे किलोमीटर, साडेतीन तास, पन्नास फेऱ्या. कुणी विचारो न विचारो, ती हे ऐकवायचीच.

यंदा तिची विहीण बोडिल साठीची होत होती. तुम्ही आइसलँडची माणसं सगळं शेवटच्या घटकेला करता, असा टोमणा बोडिलने फोनवर मारला होता. तेव्हाच स्टेनुनने पण केला होता: विमानतळावर उतरताच पुरा झालेला स्वेटर विहिणीच्या हातात ठेवायचा. बाह्या आणि अंग झालं होतं. गळ्याची नक्षी तिने प्रवासासाठी राखली. म्हणजे आळस केला, पण तसं कोण म्हणणार?

म्हणाली फक्त शेजारची रान्वेग. "साडेतीन तास तू येतानाचे मोजलेस गं. जाताना वारा पाठीशी असतो."

"अंतर काही जाता-येता आखडत नाही," स्टेनुनने तिला उडवून लावलं.

अडतिसावी फेरी चालू असताना वैमानिकाने खुशखबर दिली: वारा जोरदार पाठीशी आहे, आपण चाळीस मिनिटं आधी उतरतोय. सगळं विमान खूश झालं. स्टेनुनने घंटी दाबून हवाई सुंदरीला बोलावलं आणि कप्तानाला इतकी घाई कसली आहे, असं विचारलं.

ती पोरगीही विणणाऱ्या आईची लेक. तिने वाकून टाके पाहिले. "किती राहिल्या?"

"बारा."

पोरगी पुढे जाऊन आली. "कप्तान म्हणाले, वाऱ्याला आवरता येत नाही. त्यांची आई अशा वेळी गळा रुंद सोडते."

स्टेनुनने कप्तानाच्या आईला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण चाकं जमिनीला टेकली तेव्हा तिने शेवटचा टाका बंद केला होता. बारा फेऱ्या हवेतच राहिल्या.

विमानतळावर घ्यायला आलेल्या बोडिलने तिथल्या तिथे स्वेटर चढवला. गळा एका खांद्यावरून घसरला.

"अगं बाई," बोडिल मान चोळत म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा लोकर मानेला टोचत नाहीये. कसं सुचलं तुला?"

"तुझी मान नाजूक, मला माहीत नाही का," स्टेनुन म्हणाली. पापणीही लवली नाही.

जेवणाच्या टेबलावर बोडिलच्या दोन्ही बहिणींनी अस्साच गळा हवा म्हणून मापं दिली. परतताना वारा समोरून होता, विमान रांगत होतं. स्टेनुनने पहिल्या स्वेटरचे टाके घालायला घेतले आणि रान्वेगला यातलं किती सांगायचं, याचा विचार करत बसली. सगळं सांगितलं, हे तुम्हाला कळलंच असेल. नाहीतर मला कुठून कळणार?