हलत्या खाटेवरचे पाढे

निसर्गाचा कोप आपल्याच घराचा पत्ता विचारत बदलापूर गावात येणार, याविषयी तिळमात्र शंका नसलेले माझ्या माहितीत एकच गृहस्थ होऊन गेले; ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणत असू. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते साहेबांची पत्रे टाइप करीत. शाळेच्या भूगोलात भूकंपाला अवघ्या चार ओळी दिलेल्या पाहून त्यांनी आपल्या एकुलत्या एका मुलीचे, कुसुमचे, नाव शाळेतून काढले आणि तिला घरीच शिकवायला घेतले.

पूर शिकवायचा असला की न्हाणीच्या मोरीत बोळा कोंबला जाई आणि मावशीला पाटावर उभे राहून छपरावर अडकलेली बाई व्हावे लागे. एकदा तेवढ्यात आमटी करपली. "पुरात आमटी करपत नसते," काका म्हणाले, "तू मन लावून अडकतच नाहीस." वादळासाठी ताडपत्री आणायला ते उल्हासनगरच्या एक नंबर कॅम्पात जात. फाळणीत घरदार सोडून आलेला तिथला सिंधी दुकानदार विचारी, "साईं, इस हफ्ते कौन-सा तूफान?" काका अगदी गंभीरपणे सांगत. "हमारे वाला तो बिना बादल के आया था," तो एकदा घडी घालता घालता म्हणाला. काकांनी घरी येऊन कुसुमच्या वहीत लिहून घेतले, 'ढगांशिवाय येणारे वादळ', आणि त्या दिवशी पुढे काही शिकवले नाही.

भूकंप मात्र रोज होई. कुसुमने खाटेवर बसून पाढे म्हणायचे आणि काकांनी खाट गदागदा हलवायची. जमीन हलली तरी डोके हलता कामा नये, हे त्यामागचे शास्त्र. त्या शास्त्राच्या प्रगतीत मावशीची लोणच्याची बरणी फुटली. मग "पोरगी शाळेत गेली नाही, तर मी माहेरी जाते," असे मावशीने जाहीर केले. हा प्रकोप काकांच्या यादीत नव्हता.

हेडमास्तर म्हणाले, तोंडी परीक्षेत पास झाली तर पाचवीत घेऊ, नाहीतर पुन्हा पहिलीत. मीही सोबत गेलो होतो.

"सातचा पाढा म्हण, बाळ."

कुसुमने बाकाची कड धरली.

"बरं, आठचा?"

ती लालबुंद होऊन पायांकडे पाहत राहिली. हेडमास्तरांनी टाक उचलला. काका एकदम उठले आणि तिचा बाक दोन्ही हातांनी हलवू लागले.

"अहो, हे काय चालवलंय?"

"भूकंप," काका म्हणाले.

आणि कुसुमने सातपासून एकोणतीसपर्यंतचे पाढे न अडखळता म्हटले. "पुरे, पुरे! घेतली पाचवीत! बाक मोडेल!" हेडमास्तर ओरडले. पुढे वर्षभर तिला वर्गातला एका पायाने लंगडा बाक खास राखून ठेवला होता.

काका गेले ते साध्या तापाने. ज्याची तालीम झाली नव्हती, असे नेमके तेवढेच एक संकट उरले होते. तेराव्याची मंडळी जेवून गेली. अठरा वर्षांची कुसुम त्याच खाटेवर बसून होती. इतक्या दिवसांत ती ना कुणाशी बोलली होती, ना रडली होती.

"दगड झालाय पोरीचा," मावशी मला म्हणाली. "काहीतरी कर रे."

मला माणसांशी बोलता येत नाही.  मी खाटेची कड धरून ती हळूच हलवली.

"सात एके सात," कुसुम म्हणाली. सात पंचे पस्तीसपर्यंत तिचा आवाज नीट होता. मग तिने मावशीच्या कुशीत तोंड खुपसले आणि ती मोठ्याने रडू लागली. मी खाट हलवीतच राहिलो. थांबायचे केव्हा, ते काकांनी कधी सांगितले नव्हते.