साळवे मॅडमनी राजीनामा दिला नाही

सव्वा महिना झाला. सकाळी चहा घेत असताना कंपनीतल्या जुन्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली, ‘आपल्या सिस्टीम विभागाच्या विजया साळवे मॅडम गेल्या.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि मग कुणीतरी लिहिलं, ‘अत्यंत शांत, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपलं.’ ते वाचून दुःखाच्या आधी मला राग आला. साळवे मॅडम मनमिळाऊ नव्हत्या. शांत तर मुळीच नव्हत्या. लिहिणाऱ्याने अनेक वर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत काढली होती आणि तरी त्याला त्यांच्याबद्दल एक खरं वाक्य लिहिता आलं नाही. ते मी इथे लिहितो आहे, कारण ज्या दिवशी लिहायला हवं होतं त्या दिवशी मीही लिहिलं नव्हतं...

आमची कंपनी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत. सैन्याच्या गाड्यांत बसवायच्या रेडिओ संचाची ॲल्युमिनियमची पेटी आम्ही बनवायचो. आतला रेडिओ बसायचा दुसरीकडे, ज्या मोठ्या कंपनीची ऑर्डर असायची तिथे. मी पेट्यांची ड्रॉइंग काढायचो. मॅडम आल्या तेव्हा कॉम्प्युटर विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली होती. नाशिकरोडच्या वस्तीत वाढलेली बाई, वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करायचे. पहिल्याच आठवड्यात त्या प्रत्येक टेबलापाशी गेल्या आणि स्क्रीनला चिकटवलेल्या पासवर्डच्या चिठ्ठ्या काढून ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. मालकांच्याही. मग माझ्याकडे खुर्ची ओढून बसल्या. “देवरेभाऊ, या पेटीत लपवण्यासारखं काय आहे? मला कळल्याशिवाय मी राखू कशी?” मी मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं होतं, की पेटीला भोकं कुठं आहेत ते कळलं की आत काय बसतं ते जाणकाराला कळतं. त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

तीनेक वर्षांपूर्वीचा एक सोमवार. सकाळी सव्वानऊला मी कॉम्प्युटर उघडला तर ड्रॉइंगच्या जागी इंग्रजीत धमकी होती. तुमच्या फायलींना आम्ही कुलूप घातलं आहे, एक प्रत आमच्याकडे आहे, पैसे भरा. मॅडमनी स्वतःच्या हाताने एकेक वायर उपसली आणि अर्ध्या तासात आम्ही मालकांच्या केबिनमध्ये होतो. मालक, मॅनेजर, मॅडम आणि मी. फायलींची रोजची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवलेली आहे, उद्यापर्यंत काम सुरू होईल, असं त्यांनी सांगितल्यावर मालकांचा जीव भांड्यात पडला.

“मग झालं तर. बाहेर कुणाला बोलायचं नाही.”

“बोलावं लागेल साहेब. कळल्यापासून सहा तासांत सरकारच्या सायबर पथकाला कळवायचा नियम आहे. मोठ्या कंपनीलाही आजच कळवायचं, करारात लिहिलंय.”

“ऑर्डर काढून घेतील! दुसरी पाळी बंद पडेल, त्यांच्या घरी तुम्ही जाऊन सांगणार का? आणि एका पेटीनं काय देश बुडतो?”

“पेटीला भोकं कुठं आहेत ते कळलं, की आत काय बसतं ते कळतं,” मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मालकांनीही पाहिलं. वाक्य माझं होतं... मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिलो.

दुपारी जेवणानंतर मॅनेजर एक टाइप केलेला कागद घेऊन आला. ‘ड्रॉइंगचा फोल्डर सुरक्षित असून तो बाहेर गेल्याचे आढळलेले नाही.’ खाली माझं नाव. मुलगी नुकतीच इंजिनिअरिंगला लागली होती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि सही केली. पावणेतीनला मॅडमनी स्वतःच्या नावाने सरकारी पथकाला आणि मोठ्या कंपनीला मेल पाठवला. जे घडलं ते सगळं लिहिलं होतं, आणि एक प्रत मालकांनाही होती. माझ्या टेबलाशी येऊन एवढंच म्हणाल्या, “गेलं.”

दुसऱ्या दिवशी मालकांनी राजीनामा मागितला. केबिनचं दार उघडं होतं, सगळ्या ऑफिसने ऐकलं. “राजीनामा मी देणार नाही. काढायचं असेल तर काढा. फक्त कारण लिहून काढा.” काय लिहिणार? कायदा पाळला म्हणून काढलं? त्यांची खोली काढून घेतली आणि गेटजवळ, भंगाराच्या शेडला लागून एक टेबल दिलं. कॉम्प्युटर नाही, फोन नाही, काम नाही. मालकांना वाटलं बाई महिनाभरात कंटाळून जाईल. बाई रोज साडेआठला हजर. घरून नियमांचे छापील कागद आणायच्या आणि फुलस्केप वहीत ते साध्या मराठीत लिहायच्या. सुटे भाग घेऊन येणारे लहान वर्कशॉपवाले गेटवर पाससाठी थांबलेले असायचे. कुणी विचारलंच काय लिहिताय, तर म्हणायच्या, “तुमच्याच कामाचं आहे. बसा.”

ऑर्डर खरंच थांबली. दुसरी पाळी बंद झाली. गेटमधून येणारे-जाणारे त्यांच्याकडे बघेनासे झाले, एकजण तर टेबलाशेजारी थुंकून गेला. मग एका संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, “देवरेभाऊ, गाडी आहे ना? चला.” कंपनीजवळच्या चुंचाळ्यात, काम गेलेल्यांच्या चार घरी आम्ही गेलो. म्हणजे त्या गेल्या. मी गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसून राहिलो, काच खाली करून. गल्लीतल्या पहिल्याच घराच्या दारात संतोष नावाच्या ऑपरेटरची आई उभी होती. “तुमच्या पत्रानं माझ्या लेकराचं काम घालवलं. लय हुशार ना तुम्ही?” मॅडमनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “माझं चुकलं असं मी म्हणणार नाही, आजी. पण तुमचं नुकसान माझ्या पत्रामुळं झालं, हे तोंडावर सांगायला आलेय.” म्हातारीने दार लावून घेतलं. चौथ्या घरातून परत येऊन त्या गाडीत बसल्या. मग म्हणाल्या, “त्या कागदावर सही तुमची ना?”

“हो.”

“खोटी?”

“...हो.”

“मग चारही घरी तुम्ही उतरायला हवं होतं.”

पुढे मोठ्या कंपनीचे तीन अधिकारी चौकशीला आले. मालकांनी पाठवलेला माझा कागद त्यांच्या फाइलीत होताच. मी उभा राहिलो आणि म्हणालो, सही माझी आहे, मजकूर खोटा आहे. आवाज ठाम होता असं लिहायला मला आवडलं असतं, पण अधिकाऱ्यांनी मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मॅनेजर माझ्याकडे बघत राहिला. मग अधिकाऱ्यांनी गेटवरून मॅडमना बोलावलं. आम्हाला वाटलं, आता बाई मालकांचा सगळा हिशोब चुकता करणार. त्या बसल्यासुद्धा नाहीत.

“आमच्या साहेबांनी लपवायला सांगितलं, ते चूकच. पण लपवावंसं का वाटलं, तेही लिहून घ्या. दर करारात तुम्ही भाव खाली ओढता आणि सुरक्षेचे नियम वाढवता. ते नियम पाळायचा खर्च त्या भावात कुठं धरलाय, मला दाखवा. खरं सांगणाऱ्याची ऑर्डर थांबते, गप्प बसणाऱ्याची चालू राहते. म्हणजे गुपित देशाचं राखायचं की चोरीचं, हे तुम्हीच आम्हाला शिकवताय.”

एका अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. मालकांनी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मॅडमकडे मान वर करून पाहिलं.

झालं असं, की मॅडमच्या मेलमुळे मोठ्या कंपनीने बाकीच्या पुरवठादारांकडेही तपास केला. आणखी दोन ठिकाणांहून फायली गेल्या होत्या आणि दोन्ही ठिकाणचे लोक महिनोन्महिने गप्प होते. पेटीची रचनाच बदलावी लागली. नवं ड्रॉइंग मीच काढलं. ऑर्डर परत आली, पण निम्मी. दुसऱ्या पाळीतले सगळे काही परत आले नाहीत, संतोष सिन्नरला कामाला लागला तो लागलाच. शेवट गोड झाला असं मी म्हणणार नाही, मॅडमनी मला म्हणू दिलं नसतं. मालकांनी माफी मागितली नाही, नुसतं मॅडमचं टेबल परत आत आणवलं. निवृत्तीच्या पत्रात ‘सेवा समाधानकारक’ असं आलं, तेव्हा त्या शब्दाखाली लाल रेघ मारून त्यांनी ते परत पाठवलं. शेजारी लिहिलं होतं, ‘कोणाला?’

निवृत्तीनंतर त्या दर शनिवारी संध्याकाळी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत लहान वर्कशॉपवाल्यांचा वर्ग घ्यायच्या. दोन-चार कॉम्प्युटर असलेली माणसं. ज्यांच्यासाठी कायदा आहे पण ज्यांच्या भाषेत तो कुणी सांगितला नाही, अशी. पुढे पोटाचं दुखणं निघालं, आणि ते बरं होणारं नव्हतं. दवाखान्यात भेटायला गेलो तर सलाईन लावलेल्या हाताने त्या एक फॉर्म भरत होत्या. ‘रुग्णाची माहिती इतर संस्थांना देण्यास संमती’ अशी ओळ होती, ती त्यांनी खोडली आणि नर्सला म्हणाल्या, “ही ओळ मला मान्य नाही. बाकी टोचायचं ते टोचा.” नर्स हसली. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “शनिवारचा वर्ग आता तुम्ही घ्या.”

“मला नाही जमणार, मॅडम.”

“सही जमली होती ना?”

...एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. ती आमची शेवटची भेट.

आता दर शनिवारी मी सिन्नरला जातो. वसाहतीच्या कार्यालयामागची ती खोली, पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या. वर्ग सुरू करताना मॅडम आधी फळ्यावर घड्याळातली वेळ लिहायच्या, कारण कळलं त्या मिनिटापासून सहा तास मोजायचे असतात. मीही लिहितो. गेल्या शनिवारी तीन मशिनचं वर्कशॉप चालवणारे भाऊसाहेब उशिरा आले. घामाघूम झाले होते. त्यांचा कॉम्प्युटर त्याच दिवशी सकाळी कुलूपबंद झाला होता. ते बसतात न बसतात तोच फोन वाजला. त्यांना काम देणाऱ्या कंपनीचा खरेदी अधिकारी होता. भाऊसाहेबांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“भाऊसाहेब, मेल बघितला तुमचा. अहो, सरकारला कशाला कळवताय? आपसात मिटवू की.”

“आता नाय मिटायचं साहेब. दुपारीच कळवून झालं.”

“मग तुमच्या ऑर्डरचा आम्हाला विचार करावा लागेल.”

“करा की. निवांत करा. मी बी केलाय.”

भाऊसाहेबांनी फोन बंद केला, रुमालाने मान पुसली, वही उघडली आणि फळ्याकडे बघत मला म्हणाले, “हां देवरे साहेब, कुठवर आलो होतो आपण?”