पहिली काचपट्टी स्वतःची

जाधव मॅडमची आणि माझी खरी ओळख एका केसामुळे झाली. त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात तो प्रसंग आणू नये, असं त्यांनी बजावलं होतं. मी आणते आहे. रागावल्या तर रागावोत.

जालन्यातल्या आमच्या महाविद्यालयात मी फॉरेन्सिक सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते. प्रयोगशाळेत खंडेनवमीची पूजा झाली, झाडलोट करायला मी एकटी मागे थांबले आणि दसऱ्याची सुट्टी लागली. सुट्टीनंतर पाहतो तर सूक्ष्मदर्शकाचं एक भिंग गायब! कपाटाच्या कडीत एक लांब केस आणि एक लाल धागा अडकलेला. माझी ओढणी लाल. केस-धागे तपासायला नुकतेच शिकलेले वर्गमित्र हिरिरीने कामाला लागले आणि निकाल देऊन मोकळे झाले: केस जुळला, धागाही जुळला. विभागप्रमुखांनी वडिलांना पिंपळगाव रेणुकाईहून बोलावून घेतलं. महाविद्यालयातून माझं नाव कमी करायचं जवळजवळ ठरलं होतं.

"सर, माझी पोरगी चोरी करणार न्हाई. बिलकुल न्हाई," वडील दारातूनच म्हणाले. त्यांना कोणी बसासुद्धा म्हटलं नाही.

तेवढ्यात आम्हाला केस-धागे शिकवणाऱ्या जाधव मॅडम आल्या. त्यांनी आधी वडिलांना खुर्ची दिली. मग वर्गाला विचारलं, "पहिली काचपट्टी कोणाची केलीत?"

तपासणाऱ्याने आधी स्वतःचा केस आणि स्वतःच्या कपड्याचा धागा काचपट्टीवर, म्हणजे स्लाइडवर, ठेवून तपासायचा, हा मॅडमचा नियम. मला पकडायच्या घाईत तो सगळे विसरले होते.

मॅडमनी स्वतःचा केस उपटून कडीतल्या केसाशेजारी ठेवला. तोही जुळला! "सारखा दिसला म्हणून तिचाच, असं होत नाही," त्या म्हणाल्या. मग धागा. माझी ओढणी पॉलिएस्टरची, तिचा धागा काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत. कडीतला धागा पीळ असलेला, कापसाचा. ज्यांच्या घरात कापसाचे ढीग लागतात, त्या पोरांना कापूस ओळखू येऊ नये, याचा मला अजून राग येतो.

धागा पाहता पाहता मॅडमचा चेहरा उतरला. पूजा त्यांनीच मांडली होती, लाल सुती कापडावर, आवरलीही त्यांनीच. त्याच कापडात फुलं बांधून कपाटावर ठेवलेलं गाठोडं त्यांनी सोडलं. सुकलेल्या झेंडूच्या फुलांत भिंग होतं, कुंकू लावलेलं.

विभागप्रमुख "चला, सापडलं" म्हणून उठू लागले. मॅडमनी त्यांना थांबवलं आणि सगळ्यांदेखत वडिलांपुढे हात जोडले. "चूक माझी आहे. तुमच्या मुलीला उगाच सोसावं लागलं."

वडील गडबडून उभे राहिले. "असं नका करू मॅडम. मंग पोरीनं शिकायचं कोणाकडं?"

मी त्यांच्याकडेच शिकले. आज त्याच प्रयोगशाळेत शिकवते. दर नव्या वर्गाला पहिली दाखवते ती मॅडमच्या त्या केसाची काचपट्टी. केस काळाभोर आहे.

मॅडम, आता दर वाढदिवसाला एक केस आम्हाला द्यावा, पांढरा चालेल. काचपट्ट्यांची पेटी आम्ही मुद्दाम मोठी आणली आहे. ती भरेपर्यंत तुम्ही ठणठणीत राहायचं आहे.