कतारच्या भरतीची पाऊणपट

दोह्याच्या विमानतळावर उतरलो तेव्हा माझ्या बॅगेत दोन स्वेटर, एक कानटोपी आणि माझा प्रबंध होता. विषय: गोठलेल्या ध्रुवीय किनाऱ्यांची झीज. हिवाळाभर समुद्रावरचं बर्फ किनाऱ्याला लाटांपासून जपतं. उन्हाळ्यात ते हटलं की लाटा गोठलेल्या मातीचा पायथा पोखरतात, दरडी कोसळतात आणि बर्फात अडकलेली वाळू कुठल्या कुठे जाऊन पडते. हे सगळं मी पुण्यात पंख्याखाली बसून लिहिलं होतं. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत कतारच्या किनाऱ्यावर बांधकामांची घाई होती. मला बोलावणाऱ्या कंपनीने बहुधा ‘किनारा’ एवढाच शब्द वाचला असावा. मीही खुलासा केला नाही.

अल थुमामातल्या क्वार्टरवर सोडायला इब्राहिमभाई आले. कंपनीचे ड्रायव्हर, रत्नागिरीकडचे. तीन वर्षांनी त्यांना रजा मिळाली होती, पुढच्याच आठवड्यात निघायचं होतं. घरी दोन वर्षांची नात होती आणि तिला त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

"गाडीला काय झाला तर रजा खलास, साहेब," ते म्हणाले.

मी हसलो. ड्रायव्हर लोक अशा तक्रारी करतातच, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दक्षिणेला खोर अल उदैदकडे गेलो. तिथे वाऱ्याबरोबर सरकत आलेल्या वाळूच्या टेकड्या थेट समुद्रात उतरतात. समुद्र त्यांचे पाय खातो आणि ती वाळू किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे नेतो. किती नेतो ते मोजायला माझ्या आधीच्या माणसाने लोखंडी गज रोवून ठेवले होते. त्यांच्यावरच्या खुणा वाचायच्या, एवढंच माझं काम. दुपारी इब्राहिमभाईंनी डब्यातून तांदळाची भाकरी आणि तळलेला बांगडा काढला. त्यांच्या वाट्याचा बांगडा खात मी त्यांना समुद्राविषयी व्याख्यान दिलं.

शेवटचे गज सबख्यापलीकडे (सबखा म्हणजे वर मिठाची कडक साल आणि खाली चिखल) होते. इब्राहिमभाईंनी गाडी थांबवली. "आता पानी येल, साहेब. हितनं चालत जाव."

चालत? माझ्या बुटांत आधीच वाळू होती. मी घड्याळ पाहिलं, चार वाजत होते. "आज द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती होऊन गेली, आता ओहोटी." तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायची ही कोकणातली रीत मी कोकणी माणसालाच शिकवत होतो.

"ता रत्नागिरीत. हितला समुद्र आपली तिथी पाळत नाय."

"मी सांगतो ना. चला!"

शंभरेक पावलांवर साल फुटली आणि गाडी पोटापर्यंत रुतली. वरून घट्ट दिसणाऱ्या गोठलेल्या जमिनीवर भरवसा ठेवू नये, यावर माझ्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण आहे. तेवढ्यात समुद्र निवांतपणे आत येऊ लागला. इब्राहिमभाई फावड्याने चिखल उपसत राहिले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी जवळच तंबू ठोकलेल्या एका कतारी म्हाताऱ्याने आपल्या जीपला दोर बांधून आमची गाडी ओढून काढली, पण तोवर इंजिनात खारं पाणी गेलं होतं. गहवा (वेलदोड्याची अरबी कॉफी) ओतत त्याने विचारलं, "ये साब कौन?"

"डॉक्टर है, किनारे का," इब्राहिमभाई म्हणाले.

म्हाताऱ्याने माझ्या चिखलाने माखलेल्या पँटकडे पाहिलं. "मिस्कीन (बिचारा)," म्हणत त्याने माझा कप पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फॉर्म समोर आला. अपघाताचं कारण? मॅनेजर हळूच म्हणाले, "ड्रायव्हरची चूक लिहा. तुमचं प्रोबेशन चालू आहे." खोटं कशाला सांगू, पेन तिकडे वळलंच होतं. काचेपलीकडे इब्राहिमभाई मान खाली घालून बसले होते. निकाल त्यांनी आधीच मान्य केला होता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी लिहिलं: ड्रायव्हरने दोनदा अडवलं, तज्ज्ञाने ऐकलं नाही.

इब्राहिमभाईंची रजा वाचली, तज्ज्ञाला आठवड्याच्या आत नारळ मिळाला. कंपनीने तिकिटं एकदमच काढल्यामुळे परतीच्या विमानात आमच्या जागा शेजारी आल्या. नातीसाठी घेतलेली, बॅगेत न मावलेली एक भलीमोठी बाहुली इब्राहिमभाईंच्या मांडीवर होती. मुंबई जवळ आली तसा त्यांनी तिचा फ्रॉक तीनदा नीट केला.

"वळखील काय हो ती मला?" त्यांनी विचारलं.

"ओळखेल," मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली. या माणसाला ठामपणे काही सांगायचा अधिकार मला उरला नव्हता. किनाऱ्यांवर मी आजवर तीनशे पानं लिहिली आहेत. त्यातलं एकही पान वाचून कुणी घरी पोहोचल्याचं ऐकिवात नाही.