कालचं तापलेलं पाणी

एखादी गोष्ट समजली की ती लगेच दुसऱ्याला समजावून सांगायची, हा रोग मला फार जुना आहे. तालुक्याच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली. त्यातली निम्मी वर्षं लोकांना त्यांचं काम का होणार नाही हे समजावण्यात गेली. गेल्या वर्षी निवृत्त होऊन हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावला घरी बसलो, तर समजवायला उरले दोघंच. बायको आणि आबा, म्हणजे माझे वडील. आमच्या घरी सोलर बसला आणि त्यानंतर जे झालं, त्यात त्या काचेच्या नळ्यांचा काही दोष नव्हता. दोष सगळा या तोंडाचा.

सोलरच्या आधी आमच्या अंगणात बंब होता. तांब्याचा, मधून नळकांडं, खाली जाळ, वर धुराडं. पहाटे बायको गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हापशावरून पाणी आणायची, बंब भरायची आणि खाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या सारायची. कधी तुरीच्या तुराट्या. साडेपाचला आबांची आंघोळ, मग देवपूजा, मग चहा. पूजेआधी पाण्याचा घोटसुद्धा नाही. हा क्रम माझ्या जन्माआधीपासून चालत आलेला. जाळ घालणारी तेवढी बदलली, आधी माझी आई आणि नंतर बायको. या सगळ्यात मी कुठे होतो असं कुणी विचारलं तर खरं सांगतो, गोधडीत.

मागच्या हिवाळ्यात बायकोचा खोकला राहीना. हिंगोलीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "स्वयंपाक कशावर करता?"

"गॅसवर," मी छाती फुगवून सांगितलं. "आमच्या घरात धूर नाहीच."

"बंबाचा असतो की," बायको खाली बघत म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं मी कचेरीत अर्धवट भरलेल्या अर्जाकडे पाहायचो. "आधी तो धूर बंद करा," ते म्हणाले. "नाहीतर गोळ्या घेऊन काही होणार नाही. छाती खराब होईल यांची."

परतताना जीपमध्ये बायकोनं मला अट घातली. "मामांना माझ्या खोकल्याचं बोलायचं न्हाई. सुनेपाई बंब बंद झाला असं त्यांच्या मनात यायला नको." आबांना ती मामा म्हणते. मी कबूल झालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट पोटात ठेवली. नेमकी जी सांगायला हवी होती तीच.

विजेचा गिझर घ्यावा तर पहाटे आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही. म्हणून सोलर. त्याची टाकी दिवसा लाइट आली की बोअरच्या मोटारीनं भरता येते. हिंगोलीहून मिस्त्री आला. त्यानं काचेच्या नळ्या लेकरासारख्या छातीशी धरून एकेक करत घराच्या सपाट धाब्यावर नेल्या. मी वर उभा राहून त्याला सल्ले देत होतो.

"तोंड पूर्वेला करा. सूर्य तिकडंच उगवतो."

"उगवतो पूर्वेलाच, काका. पर दिवसभर तिथंच बसून ऱ्हातो का?" मिस्त्री मान वर न करता म्हणाला. "तोंड दक्षिणेलाच पायजे. दिवसभर बराबर ऊन भेटतं."

खाली बायको हसली आणि हसता हसता खोकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीतला नळ सोडला. आधी बादलीभर गार आलं आणि मग वाफाळतं. आबांनी बोट घातलं, झटकलं आणि खूश झाले. "बराबर तापलंय की रे." खांद्यावर पंचा टाकला, एक पाय न्हाणीत ठेवला आणि सहज विचारलं, "पर आरं, आजून उजाडलं न्हाई. हे तापलं कसं?"

थोडी अक्कल असलेला माणूस म्हणाला असता, मशीन हाय आबा, तापतं. मी म्हणालो, "आबा, गंमत तीच आहे! हे पाणी कालचं आहे. काल उन्हात तापलं. टाकीला आतून जाड थर असतो, आपण कोट घालतो तसा. रात्रभर ऊब बाहेर जातच नाही."

न्हाणीतला पाय बाहेर आला.

"कालचं?"

"व्हय."

"म्हंजे शिळं."

"पाणी कुठं शिळं होतं का, आबा? दूध होतं, भाकर होते."

"तुझ्या मायनं रातच्या घागरीतलं पाणी देवाला घातलेलं कधी बगितलं का तू?"

नव्हतं बघितलं. आई रोज पहाटे घागर झाडाला रिकामी करायची आणि ताजं आणायची. पण मी हार मानणारा नव्हतो. "मग जमिनीतलं पाणी? ते तर किती वर्षांचं पडून असतं!"

"जमिनीतलं शिळं होत न्हाई. भांड्यात काडलं की व्हायला लागतं," आबा म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. "शिळ्या पान्यानं न्हाऊन म्या देवाला शिवायचं न्हाई."

मी उत्तर जुळवत होतो तोवर गल्लीच्या तोंडाशी हापसा वाजायला लागला. बायको कळशी घेऊन केव्हाच गेली होती.

त्या दिवसापासून आमच्या घरी धाब्यावर सोलर आणि अंगणात बंब, असा दोन्हीकडून थाट. आम्ही दोघं सोलरच्या पाण्यानं न्हायचो. गॅसवर तापवावं तर सिलिंडर वेळेवर मिळत नाही, म्हणून आबांच्या एका बादलीसाठी बंब पेटायचा, आणि बादली एक असो की चार, धूर तेवढाच.

"झ्याक झालं," बायको म्हणाली. "आदी घरात पानी तापवायची एकच तऱ्हा व्हती. आता दोन झाल्या."

मग मला पुरुषार्थ सुचला. उद्यापासून बंब मी पेटवतो, असं जाहीर केलं. पहाटे उठलो. पऱ्हाट्या दवानं ओल्या झालेल्या. त्यावर कागद टाकले, फुंकर मारली, पुन्हा कागद टाकले. जाळ काही दिसेना, धूर मात्र अंगणभर. बांधलेल्या शेळ्या शिंकायला लागल्या. शेवटी बायको पदर तोंडाला लावून बाहेर आली आणि माझ्या हातातली पऱ्हाटी काढून घेतली.

"अवो, तुमी पेटवता तवा धूर दुप्पट होऊन राहिला. तुमी निजा."

मी जाऊन निजलो. शरम वाटत होती, पण गोधडी गरम होती हेही लिहिलं पाहिजे.

पुरुषार्थ फसला तेव्हा चलाखी केली. एके दिवशी आबा उठायच्या आत बंब सोलरच्या पाण्यानं भरला, खाली दोन तुराट्या देखाव्यापुरत्या पेटवल्या आणि बायकोला म्हटलं, बस आता आरामात. आबा पंचा घेऊन ओट्यावर आले. बंबातून वाफ निघत होती. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

"आज हापसा वाजला न्हाई," आबा म्हणाले.

हे काही माझ्या हिशेबात नव्हतं. म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं असा माझा समज होता. घाईत तोंडातून निघालं, "काल संध्याकाळीच भरून ठेवला होता, आबा."

बोललो आणि मलाच कळलं की एका शिळ्यातून निघून दुसऱ्या शिळ्यात पडलो. आबांनी पंचा दांडीवर वाळत टाकला. बायकोनं बंब रिकामा केला, हापशावर गेली, नव्यानं भरला, नव्यानं जाळ घातला. माझ्या हुशारीचं त्या दिवशीचं फळ म्हणजे तिला आणखी दोन खेपा.

त्यानंतर मी प्रयत्न सोडले. माणूस समजावून समजावून थकतो, तसा चुका करूनही थकतो. पहाटे हापशाचा आवाज आला की गोधडी डोक्यावर ओढायची, एवढंच काय ते उरलं होतं.

पौषातली एक सकाळ. धुक्यानं समोरचं घर दिसत नव्हतं. हापसा दोनदा वाजला आणि थांबला. खोकला आला. पुन्हा एकदा वाजला, पुन्हा थांबला. मग अंगणात पऱ्हाट्या मोडल्याचा आवाज आणि परत खोकला. या वेळी तो थांबेना. मी गोधडीत वाट बघत राहिलो, आता थांबेल, आता थांबेल. मग एकदम आवाज बंद झाला, तेव्हा मात्र उठलो.

दारात आलो तर ती बंबाजवळच्या दगडावर बसली होती. पदर तोंडावर, खांदे हलत होते. ओट्यावर आबा पंचा घेऊन उभे होते आणि तिच्याकडेच बघत होते. तिचं लक्ष नव्हतं. आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. डॉक्टरांचं सगळं बोलणं जिभेवर होतं. पण मी शब्द दिला होता. उघडलेलं तोंड तसंच मिटलं. आबा आत गेले. पाणी तापल्यावर ती त्यांना हाक मारायला गेली, तेव्हा ते आंघोळ करून पूजेला बसले.

त्या संध्याकाळी जेवताना ते सुनेला म्हणाले, "उद्या बंब नको पेटवू, माय. म्या दुपारी न्हाईन."

"काहून, मामा? बरं न्हाई का तुमाला?"

"मला काय धाड भरली? बरा हाय." मग माझ्याकडे वळून, "तुझं ते वरचं यंत्र दुपारी आजचं तापलेलं पानी देतं का?"

"देतं," मी म्हणालो. एकच शब्द. मलाच नवल वाटलं.

"मग झालं. सकाळी लाइट आली की मोटार लावून टाकी ताजी भरायची. दुपारपस्तोर तापलं की ते आजचं."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी हापसा वाजला नाही. मी नेहमीच्या वेळी जागा झालो आणि काय चुकतंय ते कळायला वेळ लागला. खोकला नव्हता. बायको सकाळ होईपर्यंत झोपली होती.

उठल्यावर तिनं आबांपुढं चहा ठेवला. "पारोसा हाय म्या, माय," ते म्हणाले. "पूजा झाल्याबिगर कसा घेऊ?"

सहाच्या ठोक्याला चहा घेणारा माणूस. ओट्यावर बसून सेनगावकडे जाणाऱ्या जीपा बघत राहिला. नऊ वाजले, अकरा वाजले. बारानंतर न्हाले, पूजा केली आणि मग चहा घेतला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाळाला फडकं बांधलेलं होतं. चहावाचून डोकं दुखतं का विचारलं तर म्हणाले, "वारं लागलंय."

बायकोनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "मामांनी माझ्यापाई चहा सोडला. त्यांना कुनी सांगितलं?"

"मी नाही!"

"तर मग कोन? ह्या घरात सांगनारं दुसरं हाय का कुनी?"

जन्मात एकदा मी खरोखर गप्प बसलो होतो आणि त्यावर माझ्याच बायकोचा विश्वास बसेना.

ती तडक अंगणात गेली बंब पेटवायला. बंबाला धुराडंच नव्हतं. आबांनी ते उपसून शेळ्यांच्या गोठ्यात नेऊन टाकलं होतं. "चीर गेलीय त्याला," ते ओट्यावरून म्हणाले. "हिंगोलीला नेऊन डाग देऊन आन रे." मी धुराडं उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिलं. चीर कुठेच नव्हती. ते अजून गोठ्यातच आहे. मी नेलं नाही आणि आबाही विचारत नाहीत.

पण त्यांचं ते फडकं बघवेना. शेवटी मी मिस्त्रीला पुन्हा बोलावलं आणि सोलरचं तोंड पूर्वेला करायला सांगितलं.

"काका, बराबर चाललंय ते बिघडवून काहून राहिले?" तो कमरेवर हात ठेवून म्हणाला. "दुपारचं ऊन वाया जाईल. सकाळचंच तेवढं भेटंल."

"सकाळचंच पाहिजे."

"का बरं?"

माझ्याकडे कारण होतं, लांबलचक होतं. "फिरव बाबा," एवढंच म्हणालो. मान हलवत त्यानं फिरवलं.

आता मी सकाळी लवकर उठून धाब्यावर चढतो. गुडघे कुरकुरतात. नळ्यांवरचं दव आणि धूळ फडक्यानं पुसतो. सोयाबीनची मळणी सुरू असली की भुसाटाचा थरच बसलेला असतो, मग दोनदा पुसावं लागतं. टाकी लवकर तापावी म्हणून माझी स्वतःची आंघोळ गार पाण्यानं. थंडीत ती करताना मी जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. नऊ वाजले की खालून हाक येते, "तापलं का?" मी वरून ओरडतो, "थोडं थांबा!" दहाच्या आसपास आबा न्हातात, पूजा होते आणि साडेदहाला त्यांच्या हातात चहा असतो. सहा ते साडेदहा. म्हाताऱ्या माणसाला हे अंतर काही थोडं नाही. पण फडकं सुटलं. बायकोचा खोकला पुरता गेला असं मी म्हणणार नाही, गेल्या महिन्यात डॉक्टरांनी छाती तपासून नुसतीच मान डोलावली. पण पहाटे ती झोपते.

एक गोष्ट राहिली. सोलरच्या टाकीत आदल्या दिवशीचं पाणी उरतंच. सकाळचं ताजं त्यात येऊन मिसळतं. तेव्हा आबा ज्याला आजचं म्हणतात, त्यात कालचं किती, हे मला नीट माहीत आहे. कागदावर आकृती काढून समजावून सांगता येईल.

परवा चहाची कपबशी हातात घेऊन आबांनीच विचारलं, "का रे, रातचं उरलेलं पानी टाकीतून जातं कुठं?"

आकृती डोळ्यांपुढं उभी राहिली. दारात बायको हातात लाटणं तसंच घेऊन माझ्याकडे बघत होती.

"मशीन हाय, आबा," मी म्हणालो. "त्याचं ते बघतं."

आबांनी जरा वेळ माझ्याकडे निरखून पाहिलं. "बराबर," ते म्हणाले आणि त्यांनी चहा बशीत ओतला.