शाफ्टाचा ब्रेक आणि सुटलेली जीप

आता हसायचं तर पोटभर हसून घ्या, पण आमच्या आत्यासमोर जीपचं नाव काढू नका. माझी फजिती ती माझ्यापेक्षा रंगवून सांगते!

आमच्या वडिलांनी, आप्पांनी, शेतासाठी जुनी जीप घेतली. हँडब्रेक नावालाच. माझं स्वप्न एकच, आमच्या घरातली जीप चालवणारी पहिली बाई मी व्हायचं! आप्पा म्हणाले, "ब्रेक तूच पसंत कर. उतारावर जीप टिकली, तर स्टेअरिंग तुझ्या हाती."

आणि मी कोण? कुकरच्या शिट्टीला दचकणारी!

मस्तगडच्या मिस्त्रींनी विचारलं, "ताई, चाकांना लावू का शाफ्टाला? चाकांना म्हणजे दोन्हीकडं तारा जातेत. शाफ्टाला म्हणजे मागची चाकं फिरवतो त्या दांड्याला, गिअरबॉक्सच्या मागं एकच ड्रम."

"तार तुटली तर?"

"तुटायचं म्हणलं तर कायबी तुटंल की!"

झालं! माझ्या डोळ्यांपुढं तारा तटातट तुटायला लागल्या. "शाफ्टालाच लावा! नरडं आवळल्यावर चाकं जातात कुठं?"

मग एकदा आत्याला घनसावंगीकडं तिच्या गावी सोडायला निघालो. गावाच्या अलीकडं, ऐन उतारावर, मागचं चाक पंक्चर. आप्पा चाकाखाली लावायला दगड शोधू लागले.

"आप्पा, दगड कशाला? ब्रेक आहे ना आता!"

आत्या पुढच्या सीटवरून हलेना. "गुडघे दुखून राह्यले बाई, मी न्हाई उतरत."

आप्पांनी जॅकवर चाक उचललं आणि जीप हलली! शाफ्टाच्या ब्रेकची गंमत अशी, की मागचं एक चाक अधांतरी झालं की ते उलटं फिरतं आणि जमिनीवरचं मोकळं सुटतं. हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मी फक्त 'धाड!' ऐकलं आणि पळाले. थेट गावात!

"जीप सुटली! बाजूला व्हा! आत आत्या आहे!"

काय विचारता! बायांनी लेकरं उचलली, शेळ्या ओट्यावर चढवल्या, गडी दोरखंड घेऊन रस्त्यात उभे. सगळ्यांचे डोळे उताराकडं. जीप काही येईना!

शेवटी अख्खी वरात उतार चढून वर गेली. जीप जॅकवरून हातभर घसरली होती. चाक जमिनीला टेकताच ब्रेकनं तिला पुन्हा धरलं होतं. आप्पा घाम पुसत होते. आत्या मात्र ड्रायव्हरच्या जागेवर सरकून, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून ताठ बसलेली.

"मी गाडी कवाच थांबवली," ती म्हणाली. "तू कुठं गेल्ती गं?"

गावानं टाळ्या वाजवल्या. आमच्या घरातली जीप चालवणारी पहिली बाई म्हणून आजही तिचंच नाव घेतात.

माझंही घेतात तसं. जीपशी शर्यत लावून जिंकलेली म्हणून!